कृत्रिम पायाने माडावर

रुमांतीच्या आईला लेकीचं काम कधीच नीट कळलं नाही, पण तिने विचारणं सोडलं नव्हतं.

"म्हणजे लोक मोबाइलवर काय शोधतात, ते तू शोधतेस?"

"हो."

"आणि सापडलं की?"

"सापडलं की बघायचं, त्याचं उत्तर आधीच कोण कोण देतंय. गर्दी असली तर सोडून द्यायचं. कुणीच नसलं तर तिथे आपल्या गिऱ्हाइकाचं पान लिहायचं. मग शोधणारा पहिल्यांदा आपल्याच दारात येतो."

"बाजारात मोक्याची जागा धरतात तसं."

"उलटं गं. मोक्याच्या जागा मोठ्यांनी कधीच धरल्यात. माणसं रोज चकरा मारतात पण एकही दुकान नाही, अशी गल्ली शोधायची."

"माणसं चकरा मारतात आणि दुकान नाही? असं कसं होईल?" असं म्हणून आई शेगडीकडे वळायची.

असं कसं होतं, हे रुमांतीनेही तोवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिला आकडे दिसायचे. एका बाजूला महिन्याला किती जण शोधतात तो आकडा, दुसऱ्या बाजूला किती जण त्या शब्दांसाठी झगडतात तो. पहिला बरा आणि दुसरा शून्याजवळ असा कीवर्ड सापडला की तिला वाळूत नाणं सापडल्यासारखं व्हायचं. त्यातलं तिचं कसब जावातल्या पुर्वोकर्तो शहरात तरी दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, असं तिचा मालक गालिह, ऑफिसातला 'मास' म्हणजे दादा, सगळ्यांना सांगायचा. पगारवाढीचा विषय निघाला की तेवढं विसरायचा.

ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालून दिवसभर यंत्राची घरघर यायची. त्या वर्षी पावसाळा सरता सरता गालिहने एक नवं गिऱ्हाईक आणलं. सोकाराजा गावचे सुदार्को, कृत्रिम पाय बनवणारे. सगळे त्यांना आदराने 'पाक' म्हणत. त्यांच्या हातचा पाय वापरणारी माणसं त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणत, पण त्या माणसांच्या पलीकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

रुमांतीने कामाला हात घातला आणि दोन दिवसांत वैतागली. 'कृत्रिम पाय' म्हटलं की वर जाकार्ता आणि सुराबायाच्या बड्या कंपन्या. 'चांगला कृत्रिम पाय', 'हलका कृत्रिम पाय', 'कृत्रिम पाय किंमत', जिथे जावं तिथे त्याच पाच-सहा कंपन्या खुर्च्या टाकून बसलेल्या.

"मास गालिह, हे जमणार नाही," ती म्हणाली. "गल्लीच नाही."

"तू शब्द घरी बसून शिजवतेस," गालिह म्हणाला. "दोन पाय धडधाकट असलेल्या बाईला काय सुचणार? जा, त्यांच्याकडे जाऊन बस एक दिवस."

ती गेली. पाक सुदार्कोंचं दुकान म्हणजे पुढे एक लांब बाकडं आणि मागे प्लास्टरच्या साच्यांची रांग. हवेत राळेचा उग्र वास, आणि शेजारच्या दुकानात कसावाच्या गोड वड्या, गेटुक, तळत असल्यामुळे त्यात मिसळलेला गोड तेलकट वास. पाक सुदार्कोंनी तिला बाकड्याच्या टोकाला जागा दिली आणि आपल्या कामाला लागले. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस, आणि चष्मा कायम कपाळावर.

बाकड्यावर माणसं येत राहिली. एका शिक्षिकेला विचारायचं होतं की शाळेच्या समारंभाला थोड्या उंच टाचेची चप्पल घालता येईल का. एका म्हाताऱ्याला नमाजाला गुडघे टेकवायचे होते, आणि शेजाऱ्याचा आधार न घेता उठायचं होतं. एका रिक्षावाल्याला पाऊस पडल्यावर पाय आत सटकतो त्याचं काय करायचं ते हवं होतं. 'उत्तम दर्जा' हा शब्द दिवसभरात एकाच्याही तोंडून निघाला नाही.

ऑफिसात परतल्यावर रुमांतीने ती वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. आणि आकडे हलले. 'कृत्रिम पाय नमाज कसा', 'कृत्रिम पाय पावसात', 'कृत्रिम पायाला कोणती चप्पल'. थोडी थोडी माणसं, पण दर महिन्याला, नेमाने, आणि कुणीच त्यांना उत्तर देत नव्हतं. तिने एकामागून एक पानं लिहून काढली. प्रत्येक पान पाक सुदार्कोंना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणायचे, "हे बरोबर," किंवा "हे खोटं, काढा." पानं वर चढायला लागली.

त्याच ओघात एका दुपारी तो कीवर्ड तिच्यासमोर आला. 'कृत्रिम पायाने माडावर चढता येतं का.'

आकडा लहान होता, पण शोधणारे सगळे याच भागातले. आणि समोर अक्षरशः काही नाही. एक पानसुद्धा नाही.

तिला नवल वाटलं नाही. चिलोंगोकच्या बाजूला गावंच्या गावं माडाच्या नीरेवर जगतात. पुरुष सकाळ-संध्याकाळ माडावर चढतात, पोय म्हणजे फुलोऱ्याचा देठ तासतात, त्यातून गळणाऱ्या नीरेची बांबूची नळकांडी बदलतात. बायका खाली नीरा आटवून गूळ करतात. आणि एकही गाव असं नाही, जिथे माडावरून कुणी पडलेलं नाही. रुमांतीच्या आईच्या माहेरीही असे दोघे होते.

गालिह तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "अगं, सगळं रान मोकळं! लिही, लिही. कुणी यायच्या आत लिही."

"पाक सुदार्कोंना विचारते."

"सकाळपासून त्यांचा फोन लागत नाहीये. तू लिही, मग विचार."

फोन लागत नव्हता हे खरं होतं. पण फोन लागला तर ते 'खोटं, काढा' म्हणतील आणि ही मोकळी जागा हातची जाईल, हेही तिच्या मनात होतं. तिने लिहिलं. योग्य बनावटीचा पाय आणि पुरेसा सराव असेल तर माणूस पुन्हा जवळपास सगळी कामं करू शकतो. माडावर चढणंही अशक्य नाही. प्रत्येक माणूस वेगळा असतो, आमच्याशी मोकळेपणी बोला. कुठल्याच वाक्याला खोटं म्हणून पकडता आलं नसतं. वर तिने मावळतीच्या उजेडातल्या माडांचा एक फोटो टाकला.

दोन आठवड्यांत पान सगळ्यांच्या वर होतं. वर म्हणजे काय, तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

मग पाक सुदार्कोंचा फोन आला. रुमांतीला ते 'म्बाक', म्हणजे ताई, म्हणत.

"म्बाक रुमांती, तुम्ही माझ्या नावावर काय लिहून ठेवलंय?"

"काय झालं, पाक?"

"लोक चढायचा पाय मागतायत. मी म्हणतो, तसला पाय नाही. ते म्हणतात, असं कसं, तुम्हीच लिहिलंय. एकाशी तर माझं भांडण झालं. म्हणाला, पाक, लपवू नका. परवा चिलोंगोकहून एक नवरा-बायको येतायत. तुम्हीही या."

"मी येऊन काय करू?"

"पाय मी दाखवतो. उत्तर तुम्ही द्या."

ती गेली तेव्हा नवरा-बायको आधीच बाकड्यावर बसले होते. नवऱ्याचं नाव तारवीन. चाळिशीतला, काटक, हसऱ्या डोळ्यांचा. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. दुसरीकडून कुठून तरी बनवून घेतलेला एक पाय त्याने लावला होता. बायको कासमीना मांडीवर गुळाच्या चकत्यांचं पुडकं घेऊन बसली होती, वाळक्या केळीच्या पानात बांधलेलं. तिने ते अजून कुणाला दिलं नव्हतं.

पाक सुदार्कोंनी तारवीनचा पाय काढून हातात घेतला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. तळव्याच्या आतल्या कडेला रबर घासून गुळगुळीत झालं होतं आणि भेगांत तपकिरी साल अडकली होती.

"हा पाय चढलाय," ते म्हणाले.

तारवीन हसला. "लहानसाच माड आहे, पाक. परसातला. बघत होतो, जमतं का."

"किती वेळा बघितलंत?"

"म्हणजे... बऱ्याचदा. पण हा घसरतो. म्हणून तर आलो. तुमचा तो दुसरा पाय दाखवा ना, चढायचा." त्याने मोबाइल पुढे केला. रुमांतीचं पान होतं. मावळतीच्या उजेडातले माड.

पाक सुदार्कोंनी पानाकडे पाहिलं नाही, रुमांतीकडे पाहिलं. "हे यांनी लिहिलंय."

"पाक तारवीन," रुमांती म्हणाली, "तसा पाय नाहीये."

"नाहीये म्हणजे? संपलाय?"

"नव्हताच."

"मग लिहिलंत कशाला?"

तिने काही तरी गुळमुळीत सांगायला तोंड उघडलं, आणि खरं तेच बाहेर पडलं. "त्यावर दुसऱ्या कुणी काही लिहिलं नव्हतं म्हणून."

तारवीन मोठ्याने हसला. "घ्या! रिकामा माड दिसला म्हणून चढलात होय? आमच्यात असल्याला चोर म्हणतात, म्बाक."

पाक सुदार्कोही हसले. रुमांतीचे कान लाल झाले. कासमीना मात्र हसली नाही.

"ते मी शोधलं होतं," ती म्हणाली.

"काय?" तारवीनने विचारलं.

"मोबाइलवर तो प्रश्न मी लिहिला होता. तुम्ही नव्हे."

"तू? मला वाटलं ते आपोआप आलं."

"आपोआप कसं येईल? घरात मोबाइल एक. मी वाचत होते, तेवढ्यात तुम्ही आलात आणि हातातून घेतलात. आणि मग काय, नाचायलाच लागलात."

"म्हणजे माझ्यासाठीच शोधलंस ना!" तारवीनचा चेहरा उजळला. "बघा, पाक. तोंडाने नको नको म्हणते, आणि..."

"'नाही' असं लिहिलेलं हवं होतं मला!" कासमीनाचा आवाज चढला. "कुणी तरी, कुठे तरी, शहरातल्या शहाण्या माणसाने लिहिलं असेल की नाही चढता येत. तेवढं दाखवायचं होतं. बायकोचं ऐकत नाही, माझ्या भावाचं ऐकत नाही, मोबाइलवर लिहिलेलं ऐकाल म्हणून. लुंगीचे सालीचे डाग रोज मीच धुते. मला काय दिसत नव्हतं? नळकांडी सरकवल्याचा आवाज आला की मी आटवण ढवळायची थांबते. पुन्हा आवाज आला की ढवळते. एकदा आवाज नाही आला तर गूळ करपला. तुम्ही मला म्हणालात, लक्ष कुठे असतं तुझं."

शेजारी तेलात गेटुक पडल्याचा चर्र आवाज झाला.

कासमीना रुमांतीकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला होता. "आणि म्बाक, तुमच्या पानावर काय निघालं? 'अशक्य नाही.' माझ्याच हाताने मी ते यांच्या पुढ्यात ठेवलं."

रुमांतीने इतकी वर्षं हजारो प्रश्न चाळले होते. तिला कायम वाटायचं की प्रश्नामागे एक माणूस असतो आणि त्याला जे लिहिलंय तेच हवं असतं. 'चढता येतं का' म्हणजे त्याला चढायचंय. त्याच शब्दांमागे दुसरं कुणी उलटं उत्तर मागत बसलेलं असेल, जीव मुठीत धरून, हे आकड्यात कुठेच दिसत नव्हतं. आणि कदाचित म्हणूनच ती गल्ली रिकामी होती. तिथे विकायला कुणाकडेच काही नव्हतं.

"तुम्हाला काय हवंय, पाक तारवीन?" तिने विचारलं. "खरंच वर जायचंय, की..."

"की काय?"

"मला माहीत नाही. म्हणून विचारते."

तारवीनने जरा विचार केला. थट्टा करायची की नाही, हेच ठरवत असावा. "खाली लोक माझ्याशी सावकाश, समजावल्यासारखं बोलतात," तो म्हणाला. "पाय गेला, कान नाही गेले. वर तसं नसतं. वर वारा असतो आणि काम असतं. आणि दुसरं असं की मेव्हणा माझे माड तासतो. बरा तासतो, पण पोय दुखवतो. मला खालून दिसतं. मी ओरडतो, हळू कर. तो म्हणतो, तूच ये वर."

"त्याला बोलवा इथे," पाक सुदार्को म्हणाले. "मी सांगतो त्याला दोन शब्द." मग त्यांनी तो घासलेला पाय पालथा केला. "हे बघा. खोडाच्या खाचेत पाय ठेवला की तुम्ही अंगठ्याने चाचपता, बसलाय का. याला चाचपता येत नाही. मी कितीही चांगला बनवला तरी येणार नाही. जमिनीवर चालायचा, चिखलात चालायचा, दोन भरलेली नळकांडी खांद्यावर घेऊन बांधावरून जायचा पाय मी देतो. चढायचा देणार नाही. मागितलात तरी नाही."

तारवीनने मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण चिखलात चालायच्या पायासाठी माप दिलं. निघताना कासमीनाने गुळाचं पुडकं पाक सुदार्कोंच्या हातात दिलं, आणि मग थोडं थांबून त्यातली एक चकती काढून रुमांतीला दिली. रुमांतीला ती घ्यायची लाज वाटली. तरी घेतली.

त्याच दुपारी तिने पान पुसलं आणि नव्याने लिहायला बसली. पहिला शब्द 'नाही' होता. नाही, पाक सुदार्कोंचा पाय चढण्यासाठी नाही, आणि का नाही, ते त्यांच्याच शब्दांत. मग तिने दोन भाग केले. एक चढणाऱ्यासाठी. त्यात बुटक्या जातीच्या माडांबद्दल लिहिलं, ज्यांची पोय जमिनीवर उभं राहून तासता येते. ती माहिती तिने चिलोंगोकच्या चार जणांना विचारून घेतली. त्यातला एक तारवीन होता. तो फोनवर म्हणाला की बुटक्या माडाची नीरा म्हणजे नीरा नव्हेच, पण लिहा. दुसरा भाग तिने घरी बसून आवाज ऐकणाऱ्या माणसासाठी लिहिला. तो लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यात सांगण्यासारखं फार थोडं होतं.

गालिहने वाचलं आणि खुर्ची मागे ढकलली. "हे काय आहे? पहिल्याच शब्दाला गिऱ्हाईक घालवलंस."

"ते आपलं गिऱ्हाईक नव्हतंच, मास."

"हा धर्मादाय दवाखाना नाही, मांती. एवढी चांगली जागा हाताशी आली, आणि तू तिथे 'नाही'ची पाटी लावतेस? पहिलं पान परत टाक."

रुमांतीने पान परत टाकलं नाही. तिने पाक सुदार्कोंना फोन लावला आणि तो गालिहच्या हातात दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. गालिह "हो पाक, हो पाक" करत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "म्हणतात, पान त्यांच्या नावाचं आहे आणि त्यांना ते 'नाही' आवडलंय." आणि पुढचे काही दिवस त्याने तिला लग्नाच्या मांडववाल्याच्या कामाला जुंपलं. ती त्याची शिक्षा देण्याची पद्धत होती.

पान वरच राहिलं. त्यावरून पाय फारसे विकले गेले नाहीत. नमाजाच्या आणि चपलांच्या पानांनी पाक सुदार्कोंचं बाकडं भरलं, ते वेगळं. पण पुढे गालिहला आकड्यांत दिसलं की ते 'नाही'चं पान लोक शेवटपर्यंत वाचतात, पुन्हा पुन्हा येऊन वाचतात. मग तो नव्या गिऱ्हाइकांना तेच पान दाखवायला लागला. "बघा, आम्ही कसं मनापासून लिहितो." रुमांतीला ते ऐकताना कसंनुसं व्हायचं. ती मान खाली घालून टाइप करत राहायची.

तिच्या कामात एक बदल झाला, तो मात्र कुणाला दिसण्यासारखा नव्हता. मोकळा कीवर्ड सापडला की ती आता हरखून जात नसे. हे कोण विचारतंय, आणखी कोण विचारत असेल, आणि इथे अजून कुणी का नाही आलं, असं स्वतःशी घोकत बसायची. त्यामुळे ती पूर्वीपेक्षा हळू झाली. गालिह ते बोलून दाखवायचा.

ईद होऊन गेल्यावर एका सकाळी कासमीनाचा फोन आला. नंबर पाक सुदार्कोंनी दिला होता.

"कसे आहेत पाक तारवीन?" रुमांतीने विचारलं.

"नवा पाय छान बसलाय. माझ्या भावाला निम्म्या वाट्यावर माड दिलेत. परसात बुटकी रोपं लावलीत. रोज त्यांना शिव्या देतात आणि रोज पाणी घालतात."

"आणि वर?"

"सणाच्या तोंडावर भाऊ तापाने पडला. गुळाला मागणी तेव्हाच असते. मी बाजारात गेले होते. आले तर नळकांडी भरून अंगणात मांडलेली, आणि हे ओसरीवर बसून गाणं म्हणतायत."

"मग?"

"मग मी एकेक उचललं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ओतलं. सगळं. मुंग्यांची ईद झाली. त्या दिवसापासून वर गेलेले नाहीत. निदान डाग तरी दिसत नाहीत."

रुमांती म्हणाली, "बू कासमीना, तुम्ही केलंत ते मी पानावर लिहू? दुसऱ्या भागात. तिथे अजून फार थोडं आहे."

"लिहा. नाव नको."

"नाव नाही घालत."

"आणि हेही लिहा," कासमीना म्हणाली, "की ओतायची गरज नव्हती. नुसतं तसंच ठेवून दिलं असतं तरी दुपारपर्यंत आंबलंच असतं. मला ते तेव्हा सुचलं नाही. आता अंगणात पाय चिकटतात."